खारं पाणी प्यालेला बंब

चाचा, आपल्या डिझेल बंबाला गेल्या आठवड्यात रंग दिला. तुम्ही असता तर रंगाऱ्याला आधी चहा पाजला असता आणि मग त्याचा उद्धार केला असता, कारण त्याने दारांच्या रबरांवरही लाल फासलाय आणि मागच्या पंपाचे वॉल्व्ह रंगाने असे बुजवलेत की आता ते हातोड्यानेही उघडायचे नाहीत. पण उघडायचेत कुणाला? नव्या स्टेशनच्या दारात तो नुसता शोभेला उभा राहणार. चाकांखाली सिमेंटचे ठोकळे, भोवती साखळी, आणि शेजारी ग्रॅनाइटची पाटी. त्या पाटीवर आपल्या नगरपरिषदेच्या सगळ्या बंबांचा इतिहास कोरायचा आणि प्रत्येक बंबाखाली त्याच्या ड्रायव्हरांची नावं. तो इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दहावीला मराठीत काठावर पास झालेला माणूस, पण मॅडम म्हणाल्या, "काका, जुन्यांतले तुम्हीच एक उरलात, तुम्ही नाही तर कोण लिहिणार?" मॅडम म्हणजे आमच्या नव्या अग्निशमन अधिकारी, माझ्या मुलीच्या वयाच्या. तुमच्या वेळच्या सात जणांत खरंच मी एकटा राहिलोय, आणि मीही या पावसाळ्यानंतर रिटायर होणार.

पहिले दोन दिवस लिहिण्यात बरे गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे एक जुनी फाइल होती, दोरी कुजलेली. त्यांनी ती माझ्याकडे फिरवली आणि तुमच्या नावावर बोट ठेवलं. "काका, या डिझेल गाडीचे पहिले ड्रायव्हर हे ना? पण यांच्यावर हलगर्जीपणाचा ठपका आहे. पंप बंद पडला, जाळ्यांची वखार जळाली. यांचं नाव पाटीवर घालावं की नको? उद्या कुणी बोललं तर मला उत्तर द्यावं लागेल." त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, मॅडम, दोन दिवस द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "दोन दिवस घ्या, पण कोरणारा सोमवारी येणार आहे." म्हणजे ज्या गाडीला तुम्ही लेकीसारखं जपलंत, तिच्या पाटीवर तुमचं नाव येणार की नाही, ते माझ्या तोंडाच्या एका शब्दावर येऊन ठेपलं. आणि तोंडाच्या बाबतीत माझा लौकिक काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. पोरं नव्या स्टेशनात खुर्च्या मांडायला गेलीत आणि मी जुन्या वॉचरूममध्ये तुमच्या त्याच लाकडी खुर्चीवर बसून हे लिहितोय. फोन आता इथे वाजत नाही, तोही तिकडे हलवला. क्वार्टरवर जावंसं वाटत नाही. आमच्या घरातली गेली त्याला चार वर्षं झाली, मुलगी डोंबिवलीला असते, रविवारी फोन करते आणि "जेवलात का" विचारते. जेवलो म्हणायचं. कुणाशी बोलावं असं एक माणूस उरलं नाही, चाचा. पोरं चांगली आहेत, मला मान देतात, पण मी काही सांगायला लागलो की त्यांचा अंगठा मोबाइलवर चालायला लागतो. मग मी गप्प बसतो. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

इतिहास लिहायला घेतला तर सगळं तुमच्याच आवाजात आठवायला लागलं. सुरुवातीला बंब नव्हताच, दोन चाकांवर ठेवलेला एक पंप होता, तो नगरपरिषदेच्या जीपमागे बांधून न्यायचा. जीप अध्यक्षांना घेऊन बाहेर गेली असेल तर आगीने वाट बघायची. हे माझ्या आधीचं, तुम्ही सांगितलेलं. मग शहरातून वापरून झालेला पेट्रोलवरचा बंब आला, तो आणायला तुम्ही स्वतः गेला होतात. पितळेची घंटा, उघडी बाजू, दांडीला धरून माणसांनी उभं राहायचं. येताना तो वडखळला उकळला आणि वडेवाल्याच्या पिंपातलं पाणी पिऊन मग पुढे निघाला. तुम्ही म्हणायचात, "बाईल सासरी येताना रडते, हा उकळला." तो बंब कार्लेखिंडीचा चढ माणसांसकट चढायचा नाही. आग लागलीय तिकडे, बंब चाललाय घंटा वाजवत, आणि बंबवाले मागून पायी. लोक हसायचे. तुम्ही पण हसायचात, आणि दुसऱ्या दिवशी ती घंटा चिंच लावून अशी घासायचात की तिच्यात दाढी करता यावी. मी हे सगळं लिहिलं होतं. मॅडमनी वडेवाला काढून टाकला. म्हणाल्या, पाटीवर जागा कमी आहे.

डिझेल बंब आला तो दिवस मी स्वतः पाहिलाय, तेव्हा मला रोजंदारीवर लागून वर्ष झालं होतं. बॉनेटवर हळदकुंकू, रेडिएटरला झेंडूचा हार, अध्यक्षांनी नारळ फोडला. तुम्ही खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकलात, बिस्मिल्ला म्हणून चावी फिरवलीत आणि इंजिन एका हाकेत सुरू झालं. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "दोन्हीकडची दुवा घेतली, आता हिला रुसायला कारन न्हाय." त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही मला मागे पंपाकडे नेलंत आणि पहिला धडा दिलात. आपल्या किनाऱ्यावर टाकीतलं पाणी संपलं की सक्शनचा जाड पाइप खाडीत सोडायचा आणि समुद्राचं पाणी ओढायचं, दुसरा इलाज नाही. "खारं पानी आगीला चालतं, पंपाला न्हाय," तुम्ही म्हणालात. म्हणून खारं पाणी मारून आलो की आधी गोड्या पाण्याने पंप धुवायचा, सगळे वॉल्व्ह उघडे ठेवून. आणि धुतला की नाही ते घड्याळ बघून ठरवायचं नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यात बोट बुडवायचं आणि चाटायचं. जिभेला मीठ लागायचं थांबलं की पंप बंद. मी तोंड वाकडं केलं तर तुम्ही माझ्या टाळक्यात टपली मारलीत. "चाचीचा रस्सा चाखतोस ना मिटक्या मारत? मग हे पन चाख."

चाचीचा रस्सा मी चाखायचोच. माझं गाव आत, भातशेतीचं, रोज जाऊन येऊन करणं जमायचं नाही, तर आठवड्यातले तीन दिवस तुमच्या स्वयंपाकघरात माझं पान असायचं. चुलीजवळच्या पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं. चाची म्हणायची, "ह्याच्या पोटात बी एक टाकी बसवलीय काय तुमच्या हापिसानं?" ईदला सांदणं बांधून द्यायची माझ्या आईसाठी. आई देवाला नैवेद्य दाखवून मग खायची. तुमच्या धाकट्या भावाने आखातातून चामड्याचे हातमोजे आणले होते, कोपरापर्यंतचे. ते तुम्ही मला देऊन टाकलेत, कारण होज धरायचो मी. म्हणून त्या बोटीच्या आगीत माझे हात शाबूत राहिले आणि तुमचं मनगट भाजलं.

बोटीची आग मे महिन्यातली. भर दुपारी रेवदंड्याहून वर्दी आली, खाडीत बांधलेल्या बोटीवर स्टोव्ह भडकला म्हणून. आपण पोचलो तेव्हा ती बोट गेल्यात जमा होती, पण शेजारच्या दोन बोटी वाचवायच्या होत्या. टाकी बघता बघता रिकामी झाली. भरती होती म्हणून निभावलं, ओहोटी असती तर चिखलाकडे बघत कपाळाला हात लावला असता. सक्शन खाडीत सोडला आणि तासभर समुद्र उपसून मारला. दोन्ही बोटी वाचल्या. एका बोटीचा दोर सोडवताना जळकी ताडपत्री तुमच्या मनगटावर पडली. परत आल्यावर तुम्हाला दवाखान्यात नेलं. जाताना रिक्षात एक पाय ठेवून तुम्ही मला म्हणालात, "पंप धू. चाखून बघ. मगच घरी जा." मी हो म्हटलं. त्या मेमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी होतं आणि स्टेशनच्या टाकीत जेमतेम प्यायला पुरेल एवढं. म्हणजे पंप धुवायला बंब तळ्याकाठच्या विहिरीवर न्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मुलगी बघायला जायचं होतं. एकतीस वर्षांचा घोडा झालो होतो, रोजंदारीवाल्याला पोरगी कोण देतो, कुणीतरी तयार झालं होतं. पंप धुवायचा राहिला.

तुम्ही आठवडाभर रजेवर होतात. आलात ते हाताला पट्टी बांधूनच. रजिस्टरात त्या दिवसाच्या नोंदीखाली "पंप धुतला" असं लिहून तुम्ही सही केलीत. मला विचारलंतही नाही. तुम्ही सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, तुमच्या हिशेबी काम झालं होतं. एरवी रोज सकाळी पंप चालवून बघायची आपली पद्धत, पण पाणीटंचाई आहे, नुसतं इंजिन सुरू करा, पाणी सांडू नका, असा वरून तोंडी हुकूम होता. मधे एक गवताची आग लागली, ती आपण झावळ्यांनी झोडपून विझवली. माझं लग्न ठरलं होतं. स्टेशनात पेढे वाटले. आणि त्या पंपाच्या पोटात मीठ आपलं काम करत बसलं होतं.

मग तुमच्याच मोहल्ल्यातून वर्दी आली. तुमच्या धाकट्या भावाची जाळ्यांची वखार. पावसाळ्याआधी सगळी जाळी दुरुस्त करून आत रचलेली, नायलॉन आणि थर्माकोलचे फ्लोट. आपण दहा मिनिटांत पोचलो, आजवर कधी एवढ्या लवकर पोचलो नसू. लोकांनी वाट करून दिली, कुणीतरी म्हणालं, आला, चाचाचा बंब आला. तुम्ही पंपाचा दांडा ओढलात. आतून असा आवाज आला की तो मला अजून ऐकू येतो, दात खाल्ल्यासारखा, आणि पंपाचा फिरणारा शाफ्ट जागचा हलला नाही. तुम्ही परत ओढलात. मग पाना घेऊन मागे धावलात. टाकी टँकरच्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती चाचा, आणि एक थेंब बाहेर पडेना. शेवटी बायका-पोरांनी घागरींनी पाणी आणि पाट्यांनी वाळू टाकली. वखार गेली, वखारीला लागून असलेली भावाची पडवी गेली. माणूस कुणी गेलं नाही, एवढंच. तुमचा भाऊ वितळलेल्या नायलॉनसमोर उभा राहून तुमच्याकडे बघत होता. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पंप उघडला. आत पांढरं मीठ आणि तांबडा गंज, शाफ्टला धरून बसलेला. तुम्ही बोटाने थोडं खरवडून जिभेला लावलंत. मग मला स्टेशनच्या मागे, कपडे धुवायच्या दगडाजवळ नेलंत आणि खालच्या आवाजात विचारलंत, "विसरलास का टाळलंस? खरं सांग." मी म्हटलं, "विसरलो, चाचा." तुम्ही म्हणालात, "कसम?" "कसम." तेव्हा तुमचे खांदे खाली आले. "मग ठीक हाय. मानूस विसरतो. मी बी विसरतो. टाळला असतास तर मीच तुला सायबाकडं मानगूट धरून नेला असता." मग म्हणालात, "तू रोजंदारीवर हाय, तुला उद्याच काढतील. तुझं लगीन मोडंल. माझी नोकरी पक्की हाय, मला फार तर बसवून ठेवतील. सही माझीच हाय रजिस्टरात." चौकशीला बाहेरून साहेब आले, त्यांच्यापुढे तुम्ही सरळ उभं राहून सांगितलंत की पंप धुवायचं मी विसरलो, वय झालं साहेब. मी दारात उभा होतो. मला एक शब्द बोलायचा होता आणि मी चौकटीला धरून उभा राहिलो.

त्यांनी तुम्हाला खरंच बसवून ठेवलं. स्टिअरिंगवरून काढून या वॉचरूममध्ये, या खुर्चीवर, फोन आणि रजिस्टर घेऊन, रिटायर होईपर्यंत. आणि पंप दुरुस्त होऊन आल्यावर बंब दिला कुणाला, तर मला. लायसन्स माझ्याकडे होतं, दुसरं कोण होतं? पहिल्या दिवशी तुम्हीच चावी आणून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "सीट पुढं घे, तुझे पाय आखूड हायत." बस, एवढंच. नंतर वर्दी आली की तुम्ही पत्ता कागदावर लिहून खिडकीतून द्यायचात. मी इंजिन सुरू करताना मला आरशात तुम्ही दिसायचात. मी गिअर टाकला की तुमचा डावा पाय टेबलाखाली क्लच दाबायचा. मी ते बघायचो आणि निघून जायचो.

तुमच्या घरी येणं मी हळूहळू कमी केलं. चाची निरोप पाठवायची, मी म्हणायचो, चाची, नवीन लग्न झालंय, वेळ होत नाही. ती हसायची, तिला खरं वाटायचं. मोहल्ल्यात तुमच्याशी लोक बोलायचे, पण पूर्वीसारखे नाही. भाऊ तर नाहीच. एका भिंतीपलीकडे राहून त्याने तुमच्याशी बोलणं टाकलं. एकदा ईदला तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहिलात आणि तो मागच्या दाराने निघून गेला, हे मला चाचीने सांगितलं होतं. तुम्ही नाही. तुम्ही रिटायर झालात त्याला दोन वर्षं होतात न होतात तोच गेलात. जनाज्याला मी खांदा दिला. कब्रस्तानात माती देऊन झाल्यावर भाऊ कुणाला तरी सांगत होता, "माझा भाऊ व्हता, पन माझं घर जाळलं त्यानं." मी तीन हातांवर उभा होतो. तेव्हाही मी बोललो नाही. मग दिवस जात राहिले, चाचीही गेली. माझी नोकरी पक्की झाली, मुलगी झाली, क्वार्टर मिळालं, घरातलीला हे कधी सांगितलं नाही. तिला काय सांगणार होतो, की तुला बघायला यायचं होतं म्हणून असं झालं? तिने ते आयुष्यभर स्वतःच्या पदराला बांधून ठेवलं असतं. पण त्यामुळे झालं असं की जिच्याजवळ बोलायचं तिच्याजवळही एक कोपरा बंदच राहिला. आता ती नाही. कोपरा आहे.

तर मॅडमनी दिलेल्या दोन दिवसांत मी एक कागद लिहिला. मनाला बजावलं, आता घाबरायचं काय उरलंय, फार तर काय करतील? लिहिलं की त्या दिवशी पंप धुवायचं काम माझ्याकडे होतं, ते मी विसरलो, ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, त्यांनी माझी रोजंदारी जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं. खाली सही, तारीख. मॅडमनी तो दोनदा वाचला. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शिपायाला चहा सांगितला. "काका, विसरतो माणूस. पण इतक्या वर्षांनी स्वतःहून कोण सांगतं?" कागद त्यांनी फाइलला लावला, वर गेला, अध्यक्षांनी वाचला. तुमचं नाव पाटीवर घ्यायचं ठरलं, डिझेल बंबाखाली पहिलं. सोमवारी कोरणारा आला तेव्हा मी तिथे उभा राहून बघितलं. शुद्धलेखन चुकलं नाही.

ते झाल्यावर मला धीर आला आणि काल दुपारी मी तुमच्या भावाकडे गेलो. म्हातारा झालाय, एका कानाने ऐकतो. ओट्यावर नातवाचं जाळं विणत बसला होता. मी त्याच्या ऐकणाऱ्या कानाकडे बसून सगळं सांगितलं. त्याच्या हातातली विणायची सुई थांबली. मग म्हणाला, "तू विसरला व्हतास?" मी म्हटलं, "हो, चाचा, विसरलो." त्यालाही मी चाचाच म्हणतो. त्याने जाळं बाजूला ठेवलं. "मी त्याच्याशी मरेस्तोवर बोललो न्हाय. त्यो ईदला आला व्हता माझ्या दारात." मग तो रडला, तोंड न झाकता, आवाज करून. सून बाहेर आली, माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं आता तो मला हाकलून देईल, आणि खरं सांगू, मी त्यासाठीच गेलो होतो. त्याने माझा हात धरला. म्हणाला, "जाऊ दे. विसरनाऱ्याला कोन धरनार. त्यानं तुला पोटात घातला, मी बी घातला. चा पी." मी चहा प्यालो. त्याची सून जाताना सुकट बांधून द्यायला लागली, मी नको नको म्हणत असताना तिने पिशवीत घातलीच.

परत येताना रस्त्यात मला कळलं की आता माझं सगळ्यांना सांगून झालंय आणि अजून काहीच सांगितलेलं नाही.

चाचा, मी विसरलो नव्हतो. सक्शन गुंडाळून ठेवताना मला पक्कं आठवत होतं. मी बंबाच्या मागे उभा राहून वॉल्व्हला हातही लावला होता. विहिरीवर जायचं, पंप तासभर चालवायचा, परत यायचं, म्हणजे सहाची एसटी गेली असती, आणि त्यानंतर आमच्या गावाला गाडी नव्हती. पिशवीत नवा शर्ट होता. मी म्हटलं, एक दिवस राहिलं तर काय होतंय, परवा आल्यावर धुऊ. परवा आल्यावर तुम्ही नव्हतात, कुणी विचारलं नाही, ऊन मी म्हणत होतं. रोज सकाळी बंब पुसताना आठवायचं. रोज म्हणायचो, उद्या. तुमची सही झालेली बघितली तेव्हा तर वाटलं, सुटलो. त्या दगडाजवळ तुम्ही मला दोनच शब्दांतला एक निवडायला सांगितलंत आणि मी खोटा निवडला, त्यावर कसम खाल्ली. तुम्ही विसरणाऱ्याला वाचवलंत. तो माणूस तिथे नव्हताच.

भावाला खरं सांगायला उद्या परत जाईन असं आत्ता लिहिणार होतो. नाही जाणार. त्याने एकदा पोटात घातलंय, दुसऱ्यांदा घालेल असं वाटत नाही, आणि या गावात माझ्याकडे बघून चहा पी म्हणणारं आता ते एकच घर आहे. हा कागद मॅडमनाही दाखवणार नाही. बाहेर पोरं परत आलीत, खुर्च्या कमी पडल्या म्हणून बोंब मारताहेत, मला हाक मारताहेत. उद्या सकाळी दहा वाजता पाटीचं उद्घाटन आहे. अध्यक्ष भाषणात माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोन शब्द बोलणार आहेत आणि मला शाल-श्रीफळ देणार आहेत, पत्रिकेत छापलंय. मी शर्ट इस्त्रीला दिलाय. शाल मी घेणार आहे, चाचा.